डुबलांचा अळणी माल

"अळणी आहे," मामा म्हणाले आणि दुसरा दाणा तोंडात टाकला.

टेबलावर स्टीलचं ताट होतं. ताटात परदेशी कंपनीचं कुत्र्याचं खाणं, तपकिरी, करदोड्याच्या मण्यांसारखं. मामांनी दाणा दाढेखाली धरला, डोळे मिटले आणि फोडला. आवाज नीट ऐकला.

"कुरकुरीत हाय. भट्टी चांगली धरलीय. पण मागनं चव येत न्हाई. केद्या, खाऊन बघ."

"मामा, ते कुत्र्याचं आहे."

"मग? कुत्र्यानं अळणी का खावं?"

मी नुकताच केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो होतो. हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नव्हता. मी एक दाणा खाल्ला. पुठ्ठ्याची चव होती, पण पुठ्ठा चांगल्या प्रतीचा होता.

हे कऱ्हाडच्या बाजूला ओगलेवाडीत, डुबलांच्या चिवड्याच्या कारखान्यात चाललं होतं. वसंतराव डुबल माझे मामा. मी त्यांच्याकडे 'क्वालिटी' म्हणून लागलो होतो. आता याला बरीच वर्षं झाली. पण तेव्हाही त्या कारखान्यात क्वालिटीला मी काय करत होतो हे मला कुणी सांगू शकलं नसतं, कारण क्वालिटी म्हणजे शालनमामी होती.

कढईजवळ मामीचं लाकडी स्टूल असायचं. प्रत्येक घाणा उतरला की हणमंत आचारी वाटीत थोडा चिवडा घालून मामीपुढं धरायचा. मामी चिमूटभर तोंडात टाकायची. दुसरी चिमूट स्टुलाखाली, पायाशी बसलेल्या फुटाण्याला द्यायची. मुक्या जिवाला दिल्याशिवाय आपण गिळायचं नाही, अशी तिची रीत. मग थोडं थांबायची आणि म्हणायची, "हं." तो "हं" आला की घाणा पाकिटात. नाही आला तर अख्खा घाणा परत परातीत. मामा मालक होते, पण मामीच्या "हं"शिवाय मामांनासुद्धा त्या कारखान्यात चिवडा मिळत नव्हता.

फुटाणा म्हणजे कुत्रा. गावठी, पिवळसर, सहा-सात वर्षांचा. मामीला मूलबाळ नव्हतं आणि फुटाण्याला त्याची कल्पना होती. तो तसाच वागायचा.

गेले काही महिने मात्र फुटाणा बिघडला होता. दोन पायऱ्या चढला की धापा टाकायचा. दुपारभर पोत्यावर पडून राहायचा. मांजर समोरून गेलं तरी नुसतं बघायचा, जसं आपण ओळखीच्या माणसाकडं बघतो. मामी काळजीनं वाळली. कुणीतरी सांगितलं, पोळी-दुधानं कुत्र्याचं पोषण होत नाही, त्याला पिशवीतलं कोरडं खाणं द्या. म्हणून ही पिशवी आली होती.

मामांनी पिशवी उलटी करून मागचं बारीक अक्षरातलं वाचायला घेतलं. चष्मा कपाळावर, पिशवी नाकाला.

"कोंबडीची पूड. तांदूळ. मका. तेल. केद्या, हे तर आपल्या पोंग्याच्या मशिनीवर होतंय की!"

मक्याचे पोंगे काढायचं मशीन मामांनी कधीतरी हौसेनं घेतलं होतं. पोंगे चालले नाहीत. तेव्हापासून मशीन कोपऱ्यात प्लास्टिकखाली उभं होतं आणि मामी येता-जाता त्याच्याकडं, आणि मग मामांकडं, बघायची.

"फुटाण्यापुरतं करू," मामी म्हणाली.

"फुटाण्यापुरतं कशाला? कऱ्हाडात काय कमी कुत्री हाईत? 'डुबल डॉग चिवडा!'"

"चिवडा म्हणू नका," मी म्हणालो.

"बरं, नावाचं बघू नंतर."

पहिला घाणा निघाला. मामांनी खाल्ला, हणमंतानं खाल्ला, मलाही खावा लागला. मग वाटी मामीकडं गेली. मामीनं एक दाणा तोंडात टाकला, एक स्टुलाखाली धरला. फुटाण्यानं हुंगला आणि मान वळवली.

मामी म्हणाली, "कायतरी कमी हाय."

"मीठ!" मामा म्हणाले.

मीठ घातलं. फुटाण्यानं एक दाणा तोंडात घेतला आणि परत ठेवला, अगदी हळू, कुणाचं मन दुखवू नये तसा.

"अजून कमी हाय," मामी म्हणाली.

मामांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि मसाल्याच्या खोलीकडं गेले. आमच्या भागात कांदा-लसूण मसाला ही खायची गोष्ट नाही, ती विचारसरणी आहे. उन्हाळ्यात मामी तो पिंपभर करून ठेवायची आणि डुबलांच्या चिवड्याचं नाव त्याच्यावरच होतं. मामांनी मुठीनं मसाला घातला. दाणे लालसर झाले. अख्ख्या कारखान्याला भूक लागली. फुटाणा उठून उभा राहिला, त्यानं मामीच्या हातातला दाणा खाल्ला आणि दुसऱ्यासाठी तळहात चाटला.

"हं," मामी म्हणाली.

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मसाल्याचं असावं.

आता पाकिटावर छापायला डॉक्टरचं नाव हवं होतं. मामांनी चौकशी करून जनावरांच्या डॉक्टर मेघना बर्गे यांना बोलावलं. त्यांच्यासाठी टेबलावर नवीन कापड, त्यावर तीन वाट्या, शेजारी चहा. मामांनी नमुन्याचं पाकीटसुद्धा छापून आणलं होतं. त्यावर एक भलीमोठी भाजलेली कोंबडी होती.

डॉक्टर बाई तरुण होत्या आणि कमी बोलायच्या. त्यांनी दाणा उचलला, फोडला, हुंगला.

"खा की," मामा म्हणाले.

"मी खात नाही."

"न खाता कसं कळंल?"

"खाऊन मला आवडलं का ते कळेल. मला कुत्र्याला चालेल का ते बघायचंय. यात सगळ्यात जास्त काय आहे?"

"मका."

"म्हणजे हे मक्याचं खाणं आहे. पाकिटावर कोंबडी कशाला?"

"चित्र चांगलं आलंय," मामा म्हणाले.

"आत कोंबडी किती?"

मामांनी हणमंताकडं बघितलं. हणमंतानं छताकडं बघितलं.

"वास हाय," हणमंत म्हणाला.

डॉक्टरांनी दाणा बोटांत चोळला. "हे तेल कितव्यांदा तापलंय?"

"चिवड्याचं उरलेलं हाय. ताजंच. तसं म्हणलं तर."

"याला खवट वास येतोय. मक्याची पोती कुठं ठेवता?" मामांनी भिंतीकडं बोट केलं. डॉक्टरांनी पोत्याला हात लावला, खालचा ओला कोपरा उलटून दाखवला. "ओल लागली की मक्याला बुरशी धरते. वरून दिसतही नाही. कुत्र्याचं लिव्हर जातं त्यानं." मग पुन्हा वाटीकडं वळल्या. "आणि हा लाल रंग कशाचा?"

मामा याच प्रश्नाची वाट बघत होते. छाती पुढं काढून म्हणाले, "कांदा-लसूण! घरचा! हिच्या हातचा!"

डॉक्टरांनी वाटी खाली ठेवली. म्हणाल्या, "कुत्र्याला कांदा विष असतो. लसूणही. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा द्या, तळून द्या, पूड करून द्या, सगळं एकच. एकदम नाही दिसत. रोज थोडा थोडा पोटात गेला की मग..."

बोलता बोलता त्यांचं लक्ष पोत्यावर पडलेल्या फुटाण्याकडं गेलं. त्या उठल्या, त्याच्याजवळ बसल्या, त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्या होत्या, चुना लावल्यासारख्या.

"ह्याला हे किती दिवस देताय?"

"कालपासनं," मी म्हणालो. "दोनच दाणे."

"हे कालचं नाही. ह्याच्या पोटात कितीतरी महिने कांदा जातोय." त्यांनी पिशवीतून सुई काढली, फुटाण्याच्या पायाचं रक्त घेतलं. फुटाणा हललासुद्धा नाही. "औषध देते. पण कांदा थांबला नाही तर औषधाचा उपयोग नाही. अजून महिनाभर असंच चाललं, तर मला बोलावू नका. बोलावून काही होणार नाही."

मामी भिंतीला टेकून उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

डॉक्टर गेल्यावर मामांनी तपास सुरू केला. संशय आधी माझ्यावर.

"केद्या, तू परवा कांदाभजी खाल्लीस."

"मी खाल्ली, मामा. एकट्यानं."

"एकट्यानं? सगळी?" मामांना हा वेगळाच गुन्हा वाटला. मग त्यांनी हणमंताचा डबा हुंगला. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला दोन शब्द सुनावले. संध्याकाळपर्यंत ओगलेवाडीत ज्यांच्या घरी कांदा होता ते सगळे संशयित झाले, म्हणजे गाव.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, कारखान्यातलं काहीही द्यायचं नाही, घरी ठेवा. म्हणून दुसऱ्या दिवशी फुटाण्याला घरी ओट्यावर ठेवला आणि आम्ही कामाला आलो.

पहिला घाणा उतरला. हणमंतानं वाटी पुढं केली. मामीनं चिमूट तोंडात टाकली, चावली. दुसरी चिमूट घेतलेला हात सवयीनं स्टुलाखाली गेला आणि तिथंच राहिला.

आम्ही "हं"ची वाट बघू लागलो.

काहीच आलं नाही.

"मीठ कमी?" मामांनी विचारलं.

"असंल."

मीठ घातलं. मामीनं परत खाल्लं. हात परत खाली. परत शांतता.

"साखर?"

"बघा घालून."

साखर घातली. मग मिरची. मग साखर जास्त झाली म्हणून लिंबाचं सत. मग आंबट झालं म्हणून शेंगदाणे. हणमंताचा झारा हळूहळू चालेनासा झाला. त्या चिवड्यात त्या दिवशी जे जे घातलं ते सगळं सांगितलं तर कारखान्याचं लायसन आजही जाईल. भट्टी बंद झाली. गाडीवाला दारात हॉर्न मारत होता. डुबलांच्या इतिहासात पहिल्यांदा घाणा अडला होता आणि मामी स्टुलावर बसून आपल्या रिकाम्या हाताकडं बघत होती.

"शालन, काय कमी हाय ते तरी सांग!"

"कळंना," मामी म्हणाली. मग हळूच, "फुटाण्याला आणता का जरा?"

मामांना वाटलं, तिला करमत नाहीये. ते लगेच चपला घालून निघाले.

मी मात्र मामीच्या हाताकडं बघत होतो. तळहात वर, स्टुलाच्या खाली, कुणीतरी चाटावा म्हणून थांबलेला. मी हणमंताला बाहेर गाडीवाल्याकडं पाठवलं आणि मामीपुढं दोन वाट्या ठेवल्या.

"मामी, यातली गोड कुठली?"

तिनं दोन्ही वाट्यांकडं बघितलं. खाल्लं नाही.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"तो मोठा ताप आला हुता बघ. त्यातनं उठले आणि चहा घेतला, तर नुसतं गरम पाणी. आधी वाटलं येईल परत. आलंच न्हाई." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मीठ न्हाई, तिखट न्हाई. वास बी न्हाई. मिरची खाल्ली की जीभ पोळती, तेवढंच."

"आणि सगळे घाणे? इतके दिवस?"

"हा खायाचा. आवडलं की हात चाटायचा. मीठ जास्त झालं की शिंकायचा. कच्चं राहिलं की दाणे बाजूला काढायचा. लई हुशार जीभ हाय रं त्याची." हे सांगताना तिच्या तोंडावर अभिमान आला आणि लगेच गेला. "केद्या, मीच घातला की रं त्याला कांदा. रोज. माझ्या हातानं."

ज्या चिवड्यासाठी लोक पुण्याहून गाडी वाकडी करून यायचे तो चिवडा कुत्र्यानं पास केलेला होता, आणि कुत्र्याचं खाणं आम्ही माणसांनी पास केलं होतं. बी.एस्सी.ला यावर एक धडा हवा होता.

"मामांना सांगूया," मी म्हणालो.

"न्हाई." मामीनं माझा दंड धरला. "सासूबाईंनी बसवलं मला ह्या स्टुलावर. मी उठले की मग काय करायचं मी? घरात बसून टाळ कुटायचे? ह्या कारखान्यात माझं दुसरं काय हाय, सांग. नाव डुबलांचं, जागा डुबलांची. जीभ तेवढी माझी हुती."

तेवढ्यात मामा दारात आले. फुटाणा त्यांच्या दोन्ही हातांवर होता, लहान पोरासारखा, मान खांद्यावर टाकून. त्याला चालवत नव्हतं म्हणून मामांनी घरापासून उचलून आणला होता. शर्ट घामानं भिजला होता.

"आणला बघ! आता बस निवांत." त्यांनी फुटाण्याला स्टुलाजवळ ठेवला. फुटाण्यानं मामीला बघितलं आणि शेपटी जमिनीवर एकदा आपटली. मग तो उठला. पाय थरथरत होते, पण कामावर आल्यासारखा स्टुलाखाली आपल्या जागेवर जाऊन बसला आणि मामीच्या हाताकडं बघू लागला.

"बघा, काम समजतंय त्याला!" मामा खूश झाले. परातीतली चिमूट उचलली. "एक चिमूट खाऊ दे. एवढ्यानं काय हुतंय? डॉक्टरला काय कळतंय, तिनं चाखलं बी न्हाई."

"मामा, नको!" मी ओरडलो.

पण माझ्या आधी मामी पोचली. तिनं मामांच्या हातावर असा फटका मारला की चिवडा छताला लागला.

"घालू नका त्याला! मला चव कळत न्हाई!"

मामा हात चोळत उभे राहिले. "म्हणजे?"

"तापापासनं कळत न्हाई. काहीच. हा चाखत हुता. मी नुसती 'हं' म्हणत हुते."

हणमंत दारात येऊन थांबला होता. बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न थांबवला. मामा हळूच मक्याच्या पोत्यावर बसले. मग त्यांनी मोजायला सुरुवात केली.

"दिवाळीचा माल?"

"ह्यानंच."

"सातारच्या प्रदर्शनातला? बक्षीस मिळालं तो?"

"ह्यानंच."

"माझ्या साठीच्या कार्यक्रमातला?"

मामीनं फुटाण्याच्या पाठीवरून हात फिरवला. मामांनी फुटाण्याकडं बघितलं. फुटाण्यानं नजर चुकवली नाही.

"लोकांनी मागून मागून खाल्ला की गं तो," मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसती हळहळ होती, जशी चांगला कारागीर सोडून चालला की मालकाला वाटते. "खप बी वाढला त्याच वर्षी."

मग त्यांनी फुटाण्याला परत उचललं आणि रिक्षानं डॉक्टरांकडं निघाले. मामी मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. त्या दिवशी कारखाना बंद राहिला. तो अडलेला घाणा आम्ही खड्ड्यात पुरला. त्या जागी बराच काळ काही उगवलं नाही.

फुटाणा पहिले काही दिवस सलाईनवर होता. मामी दवाखान्यात बाकावर बसून राहायची. घरचा डबा खायची नाही, नुसता गिळायची. आता आम्हाला माहीत होतं की तिला दोन्ही एकच आहे. पंधरवड्यानं डॉक्टरांनी फुटाण्याचा ओठ वर करून तिला दाखवला. हिरडीवर फिकट गुलाबी रंग आला होता. मामीनं तो इतका वेळ बघितला की शेवटी फुटाण्यानंच तोंड मिटलं.

कुत्र्याचं खाणं आम्ही पुन्हा नव्यानं बनवलं. या वेळी मामीनं डॉक्टरांकडून एकेक गोष्ट समजून घेतली. कोंबडीची वाळवलेली पूड सगळ्यात जास्त, मग तांदूळ, मका कोरड्या जागेतला आणि रोज हाताला चोळून बघितलेला, तेल नवं. मीठ डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, चिमटीत मावणारं. मसाल्याच्या खोलीला मामीनं त्या दिवसांत बाहेरून कुलूप घालायला सुरुवात केली, मामांसाठी. नमुना तपासायला प्रयोगशाळेत गेला आणि चांगला निघून आला.

मामांनी एक दाणा तोंडात टाकला.

"अळणी," ते म्हणाले. "शालन, माझ्या आज्यापासनं डुबलांच्या नावानं असला माल गेलेला न्हाई. मी नाव लावणार न्हाई. पाहिजे तर बिननावाचा विका."

"बिननावाचा कशाला?" मामी म्हणाली. "माझं लावा."

मामा हसले. मामी हसली नाही. मग मामा हसायचे थांबले.

पाकिटावर भाजलेल्या कोंबडीच्या जागी मामीचा फोटो आला. डोक्यावर पदर, कपाळाला कुंकू, नजर सरळ. खाली मोठ्या अक्षरात 'शालनमामी' आणि त्याखाली लहान अक्षरात 'कुत्र्यांसाठी'. मामांच्या साताऱ्याच्या आत्यानं फोन करून विचारलं की घरात काही भांडण झालंय का. मामीच्या भावानं महिनाभर बोलणं सोडलं. चिवड्याच्या स्टुलावर मामा स्वतः बसले. प्रत्येक घाण्याला घाम पुसतात आणि "हं" म्हणायच्या आधी तीनदा पाणी पितात. खप थोडा उतरला. त्यावर ते बोलत नाहीत.

मामी आता पुढच्या दुकानात गल्ल्यावर बसते. मी दिवाळीला गेलो होतो तेव्हा गर्दी होती. एका बाईंनी पर्समधून पैसे काढता काढता म्हटलं, "एक किलो चिवडा, अर्धा किलो शेव आणि दोन किलो शालनमामी."

मामीनं पाकिटं पुढं ठेवली.

"चवीला कसं आहे हो हे?" बाईंनी विचारलं.

"आत काय हाय ते मागं लिवलंय, मोठ्या अक्षरात. पयलं नाव कोंबडीचं हाय. कांदा-लसूण न्हाई. पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, खवट वास आला की टाकून द्या," मामी म्हणाली. "चवीचं मला इचारू नका. मला चव कळत न्हाई."

"शालन, हळू बोल की!" आतून मामा म्हणाले. "चिवड्याचं गिऱ्हाईक बी हाय!"

"कळत न्हाई तर न्हाई," मामी आणखी मोठ्यानं म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.